दुसऱ्याचं देणं

न्यूयॉर्क, मेडन लेन
१३ एप्रिल १७९०

ट्राइन,

तू अजून आहेस आणि फिलाडेल्फियातल्या तुझ्या घराच्या पाच खोल्यांना नवा रंग दिला आहेस, असं टपालगाडीचा गाडीवान सांगत होता. दोन्ही गोष्टींचं मला सारखंच आश्चर्य वाटलं. आईला पुरलं त्या दिवसापासून बारा वर्षं आपण एकमेकींना ओळ धाडलेली नाही, आणि हे पत्र समेटाचं नाही, आधीच सांगते. मला काल फार आनंद झाला आणि तो तुला कळल्याशिवाय माझ्या अंगी लागायचा नाही.

काल काँग्रेसमध्ये मतं पडली. लढाईच्या वर्षांत तेरा राज्यांनी जी कर्जं करून ठेवली ती सगळी नव्या सरकारनं आपल्या डोक्यावर घ्यायची, असा खजिन्याच्या मंत्र्यांचा बेत होता. बाजूनं एकोणतीस, विरुद्ध एकतीस. पडला बेत. वॉल स्ट्रीटवर कर्जाचे कागद स्वस्तात गोळा करून बसलेले लोक आज घशात माशाचा काटा अडकल्यासारखी तोंडं करून फिरताहेत.

तू खोल्या कशासाठी रंगवल्यास ते मला कळतं. काँग्रेस इथून उठून तुमच्या गावी येणार असं तुमच्याकडे केव्हापासून बोलतात. येत नाही. का ते ऐक. आमच्या गावात मेच्या पहिल्या तारखेला सगळे भाडेकरार एकदम संपतात आणि अर्धं गाव खाटा-पलंग गाड्यांवर लादून घर बदलतं. जन्मभर मी हे बघते आहे. घर हलवतो तो एक तर उधळ्या असतो, नाहीतर भाडं थकलेला. काटकसरी माणूस फुटकी बशी सांभाळत आहे तिथंच राहतो. जे सरकार राज्यांचं देणं घ्यायला नको म्हणतं, ते टेबलं, खुर्च्या, दफ्तरं आणि एवढी माणसं शंभर मैल हलवायला पैसे कशाला काढील? म्हणून शेजारचं टोपीवाल्याचं घर मी एक मेपासून सात वर्षांच्या करारानं घेतलंय. मधली भिंत फोडून माझ्या खानावळीत सोळा जणांचं टेबल लावणार. तुझं दहा जणांचं आहे, असं गाडीवान म्हणाला. मी विचारलं नव्हतं. बरं, विचारलं होतं.

हे पत्र लिहून देताहेत ते माझे भाडेकरू, मिस्टर ऑगस्टीन पेंडर, पोटोमॅक नदीकाठचे. स्वतः काँग्रेसमधले आहेत, कालच्या एकतिसांतले एक. माझ्या स्वयंपाकघरात लिहिता येणारं कुणी नाही. नात नील तेवीस वर्षांची आहे, छापलेलं डच बायबल घडाघडा वाचते, पण हाताचं लिखाण पुढं केलं की कोंबडी नाचून गेल्यासारखी त्याकडे बघत बसते. मुलींना वाचायला शिकवतात, लिहायचे पैसे निराळे पडतात. हे तुला मी काय सांगायचं? तुझे निराळे भरले होते.

जेवणाच्या टेबलाशी कालपासून दुसरा विषय नाही. मॅसॅच्युसेट्सचे मिस्टर थॅक्स्टर म्हणाले, "आजीबाई, देणं म्हणजे चुना. तेरा दगड नुसते एकावर एक ठेवले तर पहिल्या वाऱ्याला पडतील. सगळ्यांचं देणं एका जागी करा, मग सगळे घेणेकरी त्या सरकारला दीर्घायुष्य चिंततील."

"आणि व्याज कोण देणार?" पेंडर म्हणाले. "ज्यांचा अजून जन्म झालेला नाही ते. मेजवानी आपण खायची आणि बिल पाळण्यात ठेवायचं!"

"लढाई सगळ्यांची होती. आमच्या राज्यानं ते कर्ज चैनीसाठी नाही काढलं."

"आमच्या राज्यानंही नाही. पण आम्ही आपलं बरंचसं फेडलं."

"मटण पुढं करा," थॅक्स्टर म्हणाले. "पाळण्याचं मग बघू."

पेंडर हे बोलत होते तेव्हा त्यांच्या खुर्चीमागं त्यांचा गुलाम सायरस उभा होता, केस पिकलेला, त्यांच्या वडिलांनी विकत घेतलेला. बापाच्या व्यवहाराचं ओझं मुलांवर नको म्हणणाऱ्याची खुर्ची रोज तोच मागं ओढतो. हेही लिहा, पेंडर.

तरी मी पेंडरांच्या बाजूची. बाबा गेले तेव्हा बहात्तर पौंडांचं देणं ठेवून गेले. निम्मं पिंपं बनवायच्या धंद्यातल्या लाकडाचं, आणि उरलेल्यात पाद्रीबुवांच्या शाळेची फी. तुझी. तू तुझ्या घड्याळवाल्याबरोबर फिलाडेल्फियाला निघून गेलीस आणि मी नऊ वर्षं लोकांच्या चादरी धुऊन ते फेडलं. तुझी अक्षरं माझ्या पैशांची आहेत, ट्राइन. तेव्हा ज्यानं आपलं फेडलंय त्यानं दुसऱ्याचंही डोक्यावर घ्यावं असं कुणी म्हणालं, की मी पळी भांड्यावर आपटते.

मी काल पेंडरांना विचारलं, "हलायला काँग्रेस पैसे काढील का हो?" ते म्हणाले, "माझं चाललं तर एक शिलिंग नाही." आज सकाळी करारावर फुली केली.

तुझी थोरली बहीण,
हिलेगोंड क्वॅकनबॉस
(तिची फुली) ✕

बाईसाहेब, वरचं सगळं आपल्या बहिणीनं सांगितलं तसं लिहिलं आहे. या ओळी मात्र माझ्या आहेत, त्यांना वाचून दाखवलेल्या नाहीत. सायरसविषयीच्या वाक्याशी माझा हात थांबला होता. "लिहिलंत का?" असं त्यांनी दोनदा विचारलं. लिहिलं आहे. त्यांचा सूर आहे तसाच ठेवला याबद्दल क्षमा असावी. — ऑ. पेंडर


६ मे १७९०

ट्राइन,

तुझं उत्तर आलं. बारा वर्षांनी, आणि एक पान. तुझ्या जेवणाच्या खोलीला निळे पडदे आहेत, तुझ्या नवऱ्यानं मरायच्या आधी केलेलं घड्याळ तासातासाला गाणं म्हणतं, आणि लोणी तुमच्याकडे स्वस्त आहे. ऐकून बरं वाटलं, असं लिहा, पेंडर.

शाळेबद्दल तू एक ओळ लिहिली आहेस. बाबांनी तुला चैनीसाठी शाळेत घातलं नव्हतं, त्यांची बिलं लिहायला घातलं होतं, आणि तू ती लिहिलीस. लिहिलीस, खरं आहे. पण वसूल करायला कोण जायचं? बर्फातून, बाबांचे बूट घालून, दारोदार? थॅक्स्टरांसारखीच बोलतेस. त्यांनाही मी हेच सांगते की देणं सगळ्यांसाठी केलेलं असतं, फेडताना मात्र एकच जण घरात सापडतो.

इकडं पहिली तारीख पार पडली. गल्लीत दोन गाड्या एकमेकींत अडकल्या आणि कुणाचा तरी पाळणा चहासाठी विकत मिळणाऱ्या गोड्या पाण्याच्या पिंपात पडला. मधली भिंत पाडली, आठवडाभर सुपात चुना येतोय. थॅक्स्टर म्हणतात, चुन्याचे फायदे मी सांगतच होतो. सोळांतल्या अकरा खुर्च्या भरल्या. तुझ्यापेक्षा एक जास्त.

पेंडरांना माशाचा मधला तुकडा मिळतो, हे बाकीच्यांना खुपतं. खुपू दे. ते दर शनिवारी नाश्त्याच्या आधी आठवड्याचे पैसे ठेवतात. उशीला काय, मेणबत्तीला काय, एक पैसा मागं राहत नाही. ज्याची माझ्याकडे उधारी नाही त्याचं बोलणं मी रोख धरते.

एकच गोष्ट मला आवडली नाही. तुझं पत्र वाचताना ते ओठातल्या ओठात हसले.

"काय लिहिलंय तिनं?"

"काही नाही, आजीबाई. पडद्यांचंच."

"पडद्यांना कोण हसतं?"

तू लहानपणापासून अशीच. मी पाणी भरून आणायची आणि पाहुणे तुझ्या हातून पेला घ्यायचे. पडदे किती लांबीचे आहेत ते पुढच्या पत्रात कळव. मला लावायचे नाहीत, नुसतं कळव.

हिलेगोंड ✕

बाईसाहेब, आपण माझ्यासाठी लिहिलेल्या चार ओळी मी वाचून दाखवल्या नाहीत. आपण विचारता की हिले खरोखर एवढी खंबीर आहे की पत्रातच. करारावर फुली करताना त्यांचा हात हलला नाही, एवढं मी पाहिलं. माझ्या खोलीच्या धुराड्याबद्दल आपण सहज विचारलंत. ते धूर सोडतं. आपलं सोडत नाही, हे वाचून हेवा वाटला. — ऑ. पें.


२२ जून १७९०

ट्राइन,

तुझी दोन पत्रं पोचली. दुसरं चांगलं जाड होतं, तरी पेंडरांना वाचायला पहिल्याएवढाच वेळ लागला. तुझं अक्षर मोठं झालंय का म्हणून मी विचारलं. म्हणाले, हो. तू माझ्या भाडेकरूला काय लिहितेस?

हे मी मस्करीत विचारत नाहीये. थोडं मस्करीत विचारते आहे. तू विधवा, ते विधुर, आणि माझं वय सहासष्ट. मला त्यांच्याशी लग्न करायचं नाही. पण चांगल्या भाडेकरूचा हेवा नवऱ्याच्या हेव्यापेक्षा वाईट असतो. नवरा कुठं भाडं देतो?

तीन दिवस झाले, पेंडर घरी जेवलेले नाहीत. काल परत आले तेव्हा बाहीवर रस्सा सांडलेला होता, माझ्या घरचा नाही. माझा रस्सा इतका तांबडा नसतो.

"कुणाकडे होतात?"

"मित्रांकडे."

"काय होतं मित्रांकडे?"

"बदक."

"आणि?"

"आणि नकाशा."

"नकाशा खातात?"

"त्याच्यावरून बोलतात, आजीबाई."

वाटाण्याचं सूप पुढं ठेवलं तर त्यात काहीतरी बुडालंय असं बघत बसले. आणि थॅक्स्टर! ज्यांचा बेत पडला, ज्यांनी सबंध मे महिना 'आता हा देश फुटणार, आमची राज्यं निराळी होणार' म्हणून कण्हत काढला, ते सकाळपासून शीळ घालताहेत आणि दुसऱ्यांदा वाढून घेताहेत. हरलेला शीळ घालतो आणि जिंकलेला सूप थंड करतो, हे मी खानावळ काढल्यापासून पाहिलेलं नाही.

मी पेंडरांना म्हणाले, देशाचं काय असेल ते असो, तुम्ही जेवा. ते म्हणाले, "आजीबाई, दोन वाईट गोष्टींतली एक निवडायची असली तर तुम्ही काय करता?" मी म्हणाले, "जी धुऊन निघते ती." त्यांनी हे वहीत लिहून घेतलं. माझं बोलणं वहीत! तुझं कुणी लिहून घेतं का? तू स्वतःच लिहितेस, म्हणजे तुला ती मजा नाहीच.

हे पान बरंच भरलंय, पेंडर. मी सांगितलं तेवढंच आहे ना?

"माझं अक्षर मोठं आहे," म्हणतात पेंडर.

मागच्या महिन्यात बारीक होतं.

हिलेगोंड ✕

बाईसाहेब, आपली पहिल्या मजल्यावरची रस्त्याकडची खोली डिसेंबरपासून माझ्यासाठी राखून ठेवावी, आणि वर सायरसपुरती जागा. अजून काही ठरलेलं नाही. ठरलं तर मात्र आपल्या गावात एकही खोली मिळणार नाही. आपल्या बहिणीला इतक्यात कळवू नये. मी स्वतः सांगेन. — ऑ. पें.


१२ जुलै १७९०

ट्राइन,

झालं तुझ्या मनासारखं. शुक्रवारी मतं पडली, बत्तीस विरुद्ध एकोणतीस. राजधानी पोटोमॅकच्या चिखलात उभी राहणार आणि ती उभी राहीपर्यंत दहा वर्षं तुमच्याकडे. डिसेंबरात काँग्रेस तुमच्या गावी बसेल. तुझा रंग वाळला असेल एव्हाना.

मी पेंडरांना टेबलाशीच विचारलं, "तुमचं मत कुठं गेलं?"

"नदीला. मी तिच्या काठी वाढलो, आजीबाई."

तेवढं मला पटलं. जो आपल्या अंगणाला मत देत नाही त्याला मी वाढणारही नाही. पुढं विचारलं, "आणि देण्याचं? ते परत येतंय म्हणतात. त्यावर तर हलणार नाही ना?"

"लिहायला घ्यायचं का, आजीबाई?" म्हणाले. म्हणून हे पत्र.

हे बढाईचं नाही, ट्राइन. गल्लीत आज सहा पाट्या लागल्या, 'खोल्या भाड्यानं'. नील वाचून आली. माझ्या अकरांतले नऊ काँग्रेसमुळं इथं आहेत. दोन घरांचं भाडं, सात वर्षं. मी टोपीवाल्याकडे गेले, म्हणाले, बाबा, भिंत बांधून देते, करार सोड. तो म्हणाला, "आजीबाई, फुली तुमचीच आहे ना?" माझीच आहे. मला दुसरं काही काढता येत नाही, तेवढं एक काढता येतं आणि तेच नडलं. नाताळपर्यंत रेटीन. त्यापुढं खाटा विकाव्या लागतील, आणि मग नीलनं आणि मी कुठं जायचं ते मला ठाऊक नाही. बहात्तर पौंड फेडायला घेतले तेव्हा मी चोविशीत होते. आता चादरी धुवायला वाकले तर उठवायला माणूस लागतं.

बाजारात बोलतात की सौदा झालाय. नदीकाठच्या कुणी कुणी देण्यावरचं मत विकून त्या बदल्यात राजधानी घेतली. ज्यानं विकलं असेल त्याच्या खोलीचं धुराडं जन्मभर उलटं वाहो, त्याच्या सुपात रोज चुना पडो, आणि त्याला मधला तुकडा कधी न मिळो. लिहा, पेंडर. थांबलात का?

शाई संपली म्हणतात.

शाई मी शनिवारी आणली.

तुझ्या किती खोल्या लागल्या गं? सहज विचारते.

हिलेगोंड ✕

बाईसाहेब, शाई होती. येत्या पंधरवड्यात मी राज्यांचं देणं घेण्याच्या बाजूनं मत देणार आहे. ते कर्ज चुकीचं आहे असं मला आजही वाटतं. पण ते घेतलं नाही तर उत्तरेची राज्यं निघून जातील, आणि मग फेडायला देशच उरणार नाही. हे मी सभागृहात उभा राहून सांगू शकतो, स्वयंपाकघरात सांगता येत नाही. खोली मात्र ठेवावी. — ऑ. पें.


६ ऑगस्ट १७९०

ट्राइन,

ही अक्षरं नीलची. बायबलात बघून एकेक काढते. 'आजी, थोडक्यात सांग' म्हणते. मी म्हणाले, मला जमतं का ते? ती म्हणाली, बोटं माझी आहेत. आज तिसरा दिवस आहे.

तुझं पत्र मिळालं, छापल्यासारखं, डचमध्ये. पेंडर बाहेर होते. नीलनं पाकीट फोडलं आणि ओरडली, "आजी, हे मला येतंय!" चुलीपाशी उभं राहून तिनं सगळं वाचलं. तू लिहिलंस, 'हिले, तुझ्या प्रत्येक पत्राखाली तुझ्या लेखनिकाच्या ओळी असतात. तुला स्वतः सांगेन, असं तो म्हणाला होता. तुझ्या शेवटच्या पत्रावरून कळलं की सांगितलं नाही. त्यानं माझी खोली जूनमध्येच मागितली, आणि मी हो म्हणाले.' तिथं नील थांबली. मी म्हणाले, वाच.

त्याच दिवशीचं वर्तमानपत्र घरात होतं. त्यात देण्याच्या मतांची यादी छापली होती, चौतीस विरुद्ध अठ्ठावीस. नीलनं बोट फिरवत नेलं. पेंडरांचं नाव 'हो'वाल्यांत होतं.

दुपारी सगळे जेवायला बसले तेव्हा मी तुझं पत्र त्यांच्या ताटाशी ठेवलं.

"वाचा."

"हे डच आहे, आजीबाई."

"मग तुम्ही तुमच्या भाषेत सांगा. खाली काय काय लिहीत होतात?"

ते लाल झाले. थॅक्स्टर मध्ये पडले, "आजीबाई, या माणसानं आपल्या मनाविरुद्ध मत देऊन देश सांधलाय!"

"तुम्ही बटाटे संपवा, मिस्टर थॅक्स्टर."

पेंडर म्हणाले, "मी मत फिरवलं, खरं आहे. दोन्हीकडे वाईटच होतं."

"मत तुमचं आहे. नदीला द्या, कर्जाला द्या, बदकाला द्या. पत्र माझं होतं."

सायरस भिंतीकडे बघत होता, पण त्याला ऐकू येत होतं.

"एवढी वर्षं मी दुसऱ्याच्या हातानं बोलते," मी म्हणाले. "ज्याच्या हातानं बोलायचं तो शनिवारी पैसे ठेवतो, म्हणून शब्दही ठेवील असं मी धरलं. ती माझी चूक. खाली जागा उरली होती ती माझी होती. रिकामी असली तरी माझी."

ते उठून उभे राहिले. म्हणाले, "हो. तुमची होती." मग डिसेंबरपर्यंतचं भाडं आगाऊ देतो म्हणाले. मी म्हणाले, येत्या बुधवारपर्यंतचं द्या, तेवढं पुरे. काँग्रेस गुरुवारी उठते, तुम्ही बुधवारी उठा.

आता तुझ्या पत्राचा दुसरा भाग. 'टोपीवाल्याच्या घराचं सात वर्षांचं जे उरेल ते माझ्या अंगावर. तू नीलला घेऊन इकडे ये. बाबांच्या देण्यात मी एक पैसा घातला नाही, ते मी विसरलेले नाही.' नीलचा आवाज इथं ओला झाला. माझा नाही झाला. मला राग आला, ट्राइन. इतका, की मी घागर भरलेली असून पुन्हा पाणी आणायला गेले.

कारण फेडायला नऊ वर्षं लागतात आणि 'माझ्या अंगावर' म्हणायला एक ओळ. मी फेडलं तेव्हा कुणी वाहवा केली नाही, गल्लीला चादरी वाळताना दिसल्या एवढंच. तू आता एका ओळीत मोठी झालीस. पडदे तुझे, अक्षर तुझं, मधल्या तुकड्याचा भाडेकरू तुझा, आणि आता मनही तुझंच मोठं! माझ्यासाठी काय ठेवलंस? मी पंपावर उभी राहून खूप शोधलं. तुला नाही म्हणण्याचा आनंद तेवढा माझा होता. तो घ्यावा असं फार वाटलं.

नीलकडे बघितलं आणि नाही घेतला.

तेव्हा हो. पण दान म्हणून नाही. बाबांच्या देण्यातला तुझा निम्मा वाटा बेचाळीस वर्षं थकला होता, तो तू आता भरते आहेस, असं मी सगळ्यांना सांगणार आणि तू मान डोलवायचीस. थॅक्स्टरांना सांगितलं, मी माझ्या बहिणीला माझं देणं घेऊ देते आहे. ते म्हणाले, "अखेर आमच्या बाजूला आलात!" मी म्हणाले, मी कुणाच्या बाजूला नाही आले, मी फिलाडेल्फियाला चालले आहे.

आणि फुकट तर नाहीच. ज्यांनी देण्याला मान दिली त्यांनी बदल्यात राजधानी घेतली. मी तेवढी लांबची गोष्ट मागत नाही. तुझं स्वयंपाकघर माझं. दहा वर्षांसाठी नाही, कायमचं. तू हिशेब लिही, पाहुण्यांशी गोड बोल, पेंडरांना त्यांची बिनधुराची खोली दे. ती काढून घेऊ नकोस, तो वेळेवर पैसे देतो आणि खोल्या भरायच्या आहेत. पण त्याच्या ताटात काय पडतं ते मी बघीन.

नील म्हणते, आजी, बस. शेवटचं एक.

तुझ्या दहा जणांच्या टेबलाशी वरच्या टोकाची खुर्ची कुणाची, हे गाडीवानानंही सांगितलं नाही आणि तूही नाही. रिकामी असेल तर तशीच ठेव. तू बसत असशील तर मी येईपर्यंत उठायची सवय कर.

हिलेगोंड ✕